वेळास ते गुहागर : कोकणातील कासव संवर्धन आणि संस्थांचे सहकार्य

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी केवळ अंडी घालण्यापुरती जमिनीवर येते. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे अशा लाखो माद्या काही रात्रींत एकाच वाळूवर उतरतात, त्यामुळे तेथे संरक्षणाचा मुख्य प्रश्न ठरावीक किनारपट्टी आणि तिच्यासमोरचा समुद्र यांच्या बंदोबस्ताचा असतो. कोकणात परिस्थिती अगदी निराळी आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च या हंगामात आज वेळासला एक मादी, परवा आंजर्ल्याला दोन आणि त्यानंतर काही दिवस कोठेच नाही, अशा विखुरलेल्या रीतीने त्या येतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा, त्याला जागोजागी तोडणाऱ्या खाड्या, खडकाळ टोके आणि त्यांच्या मधल्या लहानमोठ्या पुळणी पाहिल्या, तर प्रत्येक पुळणीवर रोज पहाटे आपला माणूस उभा करणे कोणत्याही एका सरकारी खात्याला किंवा एका स्वयंसेवी संस्थेला परवडणारे नव्हते, हे सहज ध्यानात येते. अनेकांनी एकत्र येणे येथे अटळ होते. प्रश्न एवढाच होता की कोणी कोणते काम उचलायचे, आणि एकाने हात काढून घेतल्यावर ते दुसऱ्याने कसे पुढे न्यायचे. गेल्या दोन दशकांत या प्रश्नाची जी उत्तरे कोकणात शोधली गेली, त्यांचा हा अभ्यास आहे.

सुरुवात २००२ मध्ये झाली. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था तेव्हा समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत होती. त्या पाहणीत रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. संस्थेचे संस्थापक भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावात चौकशी केली, तेव्हा कासवे येथे वर्षानुवर्षे येतात आणि त्यांची अंडी खाण्यासाठी काढून नेली जातात, हे स्पष्ट झाले. माणसांच्या हातून जी अंडी सुटत, त्यांतली बरीच कुत्री आणि कोल्हे उकरून काढत. सागरी कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याचे संरक्षण कागदावर पूर्ण होते, पण वाळूवर ते राबवणारा माणूस नव्हता.

संस्थेने या टप्प्यावर घेतलेला निर्णय मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंडी नेणाऱ्यांविरुद्ध तक्रारी करण्याचा मार्ग खुला होता, आणि कायदेशीरदृष्ट्या तो योग्यही ठरला असता. त्याऐवजी किनारा ज्यांच्या पायाखालचा आहे अशा गावातल्याच माणसांना मानधन देऊन राखणीच्या कामात घ्यायचे, असे ठरले. पहिल्याच हंगामात ५० घरटी सुरक्षित राहिली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात गेली. वेळाससारख्या लहान गावासाठी हे आकडे मोठे होते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की गावातल्याच माणसांनी सांभाळलेली पिल्ले गावाने पाण्याकडे जाताना पाहिली. पुढे हे काम रत्नागिरीच्या इतर गावांत, तसेच रायगड आणि सिंधुदुर्गातही पसरले, आणि ते करणाऱ्यांना ‘कासवमित्र’ हे नाव रूढ झाले.

कासवमित्राचे काम नेमके काय असते, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण संस्थांच्या सहकार्याची सारी इमारत या एका कामावर उभी आहे. मादी बहुधा रात्री भरतीच्या वेळी वर येते, भरतीच्या रेषेपलीकडे कोरड्या वाळूत मागच्या वल्ह्यांनी साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा मडक्याच्या घाटाचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून ती अंगाने दाबते आणि परत जाते. पिल्लांचे पुढे काय होते, हे पाहायला ती कधीच येत नाही. कासवमित्राला पहाटे, कुत्री पोहोचण्याआधी आणि वाऱ्याने माग पुसला जाण्याआधी, संपूर्ण पुळण चालून काढावी लागते. मागावरून घरट्याची जागा हेरायची, काठीने वाळू हलके चाचपून पोकळी ओळखायची, अंडी न उलटता एकेक करून काढायची, त्याच घरट्यातली वाळू सोबत घ्यायची आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्यासाठी राखलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा, तशाच घाटाचा खड्डा करून ती पुन्हा पुरायची, हा क्रम आहे. अंडी हलवायची तर पहिल्या काही तासांतच, कारण त्यानंतर आत वाढू लागलेला गर्भ कवचाला चिकटतो आणि धक्क्याने मरू शकतो. प्रत्येक खड्ड्यावर तारीख, अंड्यांची संख्या आणि मूळ जागा यांची पाटी लागते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात, तेव्हा टोपल्या झाकून दिवसातून अनेकदा पाहणी करावी लागते. उन्हात अडकलेले पिल्लू थोड्याच वेळात सुकून मरते. हे सारे हंगामभर, एकही पहाट न चुकवता करायचे असते. संशोधकांचा प्रकल्प दोन-तीन वर्षांनी संपतो आणि अधिकाऱ्याची बदली ठरलेली असते. गावचा माणूस मात्र तेथेच राहतो.

गावाचा सहभाग केवळ भावनेवर टिकणार नाही, हे संस्थेने लवकर ओळखले. त्यातूनच २००६ च्या सुमारास वेळासचा कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले सोडण्याच्या दिवसांत पाहुण्यांनी गावात यावे, ग्रामस्थांच्या घरी राहावे, घरचे जेवण जेवावे आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर शिस्तीने उभे राहून पिल्ले पाण्याकडे जाताना पाहावीत, अशी त्याची रचना होती. नाना फडणविसांचे गाव एवढीच ओळख असलेल्या वेळासला मुंबई-पुण्याचे लोक कुटुंबासह येऊ लागले. हॉटेलांऐवजी घरोघरची निवास व्यवस्था ठेवल्यामुळे उत्पन्न गावात वाटले गेले, आणि त्यात घरातल्या स्त्रियांच्या श्रमाला प्रथमच रोख मोबदला मिळू लागला. कासवाचे घरटे नष्ट झाले तर आपलाही हंगाम बुडतो, ही जाणीव त्या व्यवहारातून तयार झाली. संवर्धनाला अर्थव्यवहाराची जोड दिली की मूळ हेतू हरवतो, असा आक्षेप काही जण घेतात. वेळासच्या बाबतीत मला तो पूर्णपणे मान्य नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, महोत्सव थांबला, आणि ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने शेजारच्या रायगड किनाऱ्यावर धडकून या भागातल्या घरांची छपरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या. त्या वर्षी पाहुण्यांचे पैसे आले नाहीत, तरी कोकणातल्या किनाऱ्यांवर पिल्ले सोडण्याचे काम चालू राहिले.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र गंभीरपणे घ्यावा असा आहे. गर्दी वाढली की दोरीच्या पुढे येणारे लोक, मोबाइलचे दिवे, पिल्ले हातात घेण्याचा आग्रह आणि पायाखाली दबणारी वाळू हे सारे सोबत येते. पिल्ले प्रकाशाच्या दिशेने सरकतात. किनाऱ्यावर उजेड असेल, तर ती समुद्राकडे पाठ फिरवून जमिनीकडे चालू लागतात. शिवाय पाहुणा दूरवरून आला आहे म्हणून पिल्ले टोपलीत रोखून ठेवून ठरलेल्या वेळी सोडण्याचा मोह होतो, आणि त्या काळात समुद्रातल्या पहिल्या पोहण्यासाठी लागणारी त्यांची शक्ती खर्च होते. महोत्सव कोणत्या वेळापत्रकावर चालणार, पिल्लांच्या की पाहुण्यांच्या, हे ठरवण्याचा अधिकार ज्या गावांत कासवमित्राकडे राहिला तेथे हा ताण कमी दिसतो.

यानंतरचा टप्पा हस्तांतराचा. साधारण २०१४ च्या सुमारास सह्याद्री निसर्ग मित्रने किनाऱ्यांवरील संवर्धनाची जबाबदारी वन विभाग आणि ग्रामपंचायतींकडे सोपवली. आपल्याकडे संस्थांचे सहकार्य बहुतेक वेळा येथेच मोडते. ज्या संस्थेने काम उभे केले तिला ते सोडवत नाही, आणि सरकारी खाते ते हाती घेते तेव्हा जुनी माणसे आणि जुन्या नोंदी दोन्ही बाजूला पडतात. कोकणात असे घडले नाही, याचे कारण माझ्या मते एकच आहे. मालकी बदलली तरी किनाऱ्यावरचे कासवमित्र आणि त्यांची कामाची पद्धत कायम राहिली. नोंदवहीचा नमुना, हॅचरीची रचना, पहाटेची फेरी हे सारे नव्या व्यवस्थेने जसेच्या तसे स्वीकारले आणि त्याला वनरक्षकाचे कायदेशीर अधिकार, मानधनाची शासकीय तरतूद आणि जिल्ह्यांच्या सीमा ओलांडणारी व्याप्ती मिळाली. एका संस्थेच्या देणग्यांवर किनाऱ्यावरची किती गावे चालणार, याला मर्यादा होती. खात्यामुळे ती मर्यादा हटली. त्याची किंमतही होती. देणगीतून दिलेले मानधन संस्थेच्या एका निर्णयाने मिळत असे, आता ते मंजुरी आणि अनुदानाच्या साखळीतून येते, आणि हंगामी माणसाला हंगाम संपण्याआधी पैसे मिळणे ही बाब मोठ्या यंत्रणेत सहज मागे पडू शकते. कासवमित्राच्या पहाटेच्या फेरीवर अवलंबून असलेल्या कोणत्याही संस्थेने आपल्या अंदाजपत्रकात ही तरतूद सर्वांत आधी सुरक्षित केली पाहिजे.

राज्याच्या वन विभागात २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०१५ मध्ये कांदळवन व सागरी जैवविविधता संवर्धन प्रतिष्ठान उभे राहिले. कक्षाकडे कायदा आणि अधिकार आहेत, तर प्रतिष्ठान निधी उभारू शकते, संशोधनाला पैसे देऊ शकते आणि शासकीय पदांच्या चौकटीबाहेर तज्ज्ञ नेमू शकते. या जोडरचनेमुळे चित्रात तिसऱ्या प्रकारची संस्था आणणे शक्य झाले, ती म्हणजे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. तोपर्यंत कोकणाला आपल्या घरट्यांची संख्या ठाऊक होती, पण मादी अंडी घालून पाण्यात शिरल्यावर कोठे जाते, याची काहीच माहिती नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. त्यानंतर आंजर्ल्याला ‘सावनी’ आणि गुहागरला ‘वनश्री’, ‘रेवा’ आणि ‘लक्ष्मी’ यांच्यावर तशीच उपकरणे बसली. प्रतिष्ठानचा निधी, वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ, वन विभागाची परवानगी आणि मादी नेमकी कोणत्या रात्री, कोणत्या पुळणीवर येईल याचा कासवमित्रांचा अंदाज, या चारांपैकी एक जरी नसता तरी हे काम झाले नसते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोन माद्यांवर ट्रान्समीटर बसले. त्यांतली ‘गुहा’ लक्षद्वीपच्या दिशेने गेली, तर ‘बागेश्री’ दक्षिणेकडे निघून श्रीलंकेला वळसा घालत बंगालच्या उपसागरात पोहोचली. पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी असावीत, ही धारणा या एका प्रवासाने ढिली झाली. जानेवारी २०२५ मध्ये तर उलट दिशेचा पुरावा मिळाला. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची पट्टी होती. तिच्यावरचा ०३२३३ हा क्रमांक तपासला असता ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लावलेली असल्याचे आढळले. तिच्या १२० अंड्यांतून १०७ पिल्ले बाहेर पडली.

सहकार्याच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ विचारात घेण्यासारखा आहे. ओडिशात पट्टी लावणाऱ्या शास्त्रज्ञांचा आणि गुहागरच्या किनाऱ्यावर पहाटे फिरणाऱ्या माणसाचा एकमेकांशी कोणताही करार नव्हता. तरीही एकाने टाकलेली खूण दुसऱ्याला वाचता आली, कारण ती वाचून नोंदवण्याची शिस्त या किनाऱ्यावर आधीपासून रुजली होती. तो क्रमांक कोणी पाहिलाच नसता किंवा पाहून घरच्या वहीत ठेवला असता, तर चार वर्षांपूर्वीचे ओडिशातले काम निम्मे वाया गेले असते. देशात अनेक संस्था आपापल्या किनाऱ्यांवर पट्ट्या लावतात. त्या साऱ्यांचे क्रमांक एका सामाईक, खुल्या नोंदीत असणे आणि ती नोंद मराठी, उडिया, तमिळ अशा भाषांत किनाऱ्यावरच्या माणसाला मोबाइलवर पाहता येणे, ही या घटनेनंतरची पहिली गरज आहे.

हंगामागणिक मोजली जाणारी घरटी वाढत गेली आणि २०२३-२४ च्या हंगामात राज्यातल्या नोंदी अडीच हजारांच्या वर गेल्या. हा आकडा सावधपणे वाचला पाहिजे. त्यातली काही वाढ नवी गावे जोडली गेल्याची आहे, कारण पूर्वी जेथे कोणी पाहत नव्हते तेथे आता घरटी मोजली जातात. ऑलिव्ह रिडलेला प्रजननक्षम व्हायला एक तपाहून अधिक काळ लागू शकतो. त्यामुळे वेळासच्या पहिल्या हंगामांत सोडलेल्या माद्या आता परत येऊ लागल्या असतील, अशी आशा बाळगायला जागा आहे. तिचा पुरावा मात्र अजून हाती नाही. हॅचरीविषयीही प्रश्न आहेत. अंड्यातले पिल्लू नर होणार की मादी, हे उबवणीच्या काळातल्या वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्यांचे प्रमाण वाढते आणि फारच तापली तर गर्भच मरतो. मूळ जागी राहू देता येईल असे घरटे तेथेच जाळीने झाकून राखावे, आणि भरतीचे पाणी किंवा कुत्र्यांचा उपद्रव असेल तेव्हाच अंडी हलवावीत, ही शास्त्रज्ञांची सूचना रास्त आहे. पण मूळ जागी विखुरलेल्या वीस घरट्यांवर नजर ठेवायला एका कुंपणाआडच्या वीस खड्ड्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसे लागतात. शास्त्रज्ञांनी ही सूचना देताना तिच्यासोबत माणसांची तरतूदही मागितली, तरच ती गावांना पेलवेल.

आतापर्यंतची गोष्ट भरतीच्या रेषेच्या वरच्या बाजूची होती. कासवाचे जवळजवळ सारे आयुष्य त्या रेषेच्या पलीकडे जाते, आणि तेथे अंमल वन विभागापेक्षा मत्स्यव्यवसाय विभागाचा अधिक चालतो. कासव हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. ट्रॉलरच्या, म्हणजे जाळे ओढत मासेमारी करणाऱ्या यांत्रिक बोटीच्या, जाळ्यात ते अडकले आणि जाळे बराच वेळ पाण्याखाली ओढले गेले, तर ते बुडून मरते. या बाबतीत दोन विभागांनी मिळून केलेली एक गोष्ट खरोखर उल्लेखनीय आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की कासव, डॉल्फिन, बहिरी म्हणजे व्हेल शार्क यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छिमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. मच्छिमाराने सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत द्यायची, मत्स्यव्यवसाय विभागाने खातरजमा करायची आणि कांदळवन कक्षाच्या बाजूने रक्कम द्यायची, अशी कामाची वाटणी झाली. गुजरातमध्ये व्हेल शार्कसाठी २००४ पासून भारतीय वन्यजीव न्यास, टाटा केमिकल्स आणि तेथील वन विभाग यांनी मिळून चालवलेल्या मोहिमेत फाटलेल्या जाळ्याची अशीच भरपाई आधी दिली गेली होती, आणि त्या अनुभवाचा उपयोग साऱ्या पश्चिम किनाऱ्याला झाला. नव्या जाळ्याच्या किमतीपुढे ही रक्कम अपुरी आहे, अशी मच्छिमारांची तक्रार असते, आणि ती खरी आहे. तरीही या योजनेने मच्छिमाराला गुन्हेगाराच्या जागेवरून उठवून बचाव करणाऱ्याच्या जागेवर बसवले. २००२ मध्ये वेळासच्या गावकऱ्यांबाबत जे केले गेले, त्याचाच हा समुद्रातला विस्तार आहे.

परंतु ही योजना जाळ्यात जिवंत सापडलेल्या प्राण्यापुरतीच उपयोगी आहे. कासव मुळात अडकूच नये यासाठी जाळ्यात बसवायची चौकट अस्तित्वात आहे. तिच्या तिरप्या गजांमधून कोळंबी मागच्या पिशवीत जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर निसटते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय ट्रॉलरांना साजेशी अशी चौकट कधीच तयार केलेली आहे. झडपेतून थोडी मासळीही निसटते, म्हणून ट्रॉलरवाल्यांचा तिला विरोध राहिला. २०१९ पासून अमेरिकेने भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी जाळ्यांत ही चौकट नसल्याच्या कारणावरून नाकारली, आणि निर्यातीला झळ बसल्यावर चौकटीची चर्चा पुन्हा सुरू झाली. कासवासाठी जी गोष्ट वर्षानुवर्षे मागितली जात होती तिच्याकडे बाजारामुळे लक्ष गेले. कारण काहीही असो, ही संधी साधली पाहिजे, आणि ती साधण्यासाठी मच्छिमार सोसायट्या निर्णयाच्या टेबलावर हव्यात. कोकणातल्या कासव सहकार्यात गावे आहेत, वन विभाग आहे, शास्त्रज्ञ आहेत. ट्रॉलर मालकांच्या संघटना आणि त्यांवर काम करणारे खलाशी मात्र अजून काठावरच आहेत.

किनाऱ्यावरही काही खाती या व्यवस्थेच्या बाहेर राहिली आहेत. समुद्राच्या लाटांनी होणारी धूप रोखण्यासाठी बांधले जाणारे दगडी बंधारे मादीला कोरड्या वाळूपर्यंत पोहोचू देत नाहीत. पुळणीच्या माथ्यावर लावलेली सुरूची बने घरट्याची जागा खातात, आणि त्यांतली कित्येक लावणारा विभाग आज घरटी राखणाराच वन विभाग आहे. पर्यटनासाठी उभारलेले दिवे पिल्लांची दिशा चुकवतात. बंधाऱ्याचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी त्या पुळणीची मागील हंगामांतली घरट्यांची नोंद पाहिली जावी, एवढी मागणी अवाजवी नाही, कारण ती नोंद कासवमित्रांनी आधीच तयार करून ठेवली आहे. तशीच दुसरी नोंद आता सुरू व्हायला हवी. किनाऱ्याला लागणाऱ्या प्रत्येक मृत कासवाची तारीख, जागा आणि जखमा कासवमित्राने टिपाव्यात, आणि त्या दिवसांत समोरच्या समुद्रात कोणत्या प्रकारची मासेमारी चालू होती याची माहिती मत्स्यव्यवसाय विभागाने त्याच तक्त्यात भरावी. हंगामाच्या शेवटी दोन्ही विभागांनी तो तक्ता मच्छिमार सोसायट्यांसमोर ठेवला, तर चौकट प्रथम कोणत्या बंदरातल्या ट्रॉलरांना द्यायची याची चर्चा अंदाजाऐवजी नोंदींवर होऊ शकेल.